एकतर बाबा, नाहीतर बाबांचं हृदय

डॉक्टर गुरुदत्त निमकरांनी चाळीस वर्षं लोकांना झोपवलं. व्याख्यानं देऊन नव्हे. शिकागोच्या एका इस्पितळात ते भूलतज्ज्ञ होते. "दहापासून उलटे आकडे मोजा," असं ते पेशंटला सांगत, आणि सहाच्या खाली उतरलेला माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. निवृत्तीनंतर ती सगळी वाटलेली झोप एकेक करून घरी परत येऊ लागली. सोफ्यावर येई, जेवताना येई, महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण चालू असताना येई. यातली शेवटची अर्थात त्यांच्या एकट्याच्या नावावर टाकता येणार नाही. ती सगळ्यांनाच येते.

त्यांचं घर शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या पार कडेला, जिथं घरं संपून मक्याची शेतं सुरू होतात तिथं. इंटरनेटची नवी काचेची तार गावभर हिंडली, त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि काय बिनसलं कोण जाणे, तिथूनच परत फिरली. त्यामुळे निमकरांकडे इंटरनेट अजून टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून येई. हळू येई, पण येई. मक्याच्या शेतातून पायी येत असल्यासारखं.

गुरुदत्तांना ते आवडे. घाई त्यांना कशाचीच नव्हती. घाई होती ती त्यांच्या मुलीला, अनिकाला. ती पार पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमाँटला राहायची आणि वकिली करायची. वसंतात बाबांच्या हृदयाचा ताल दोनदा चुकला, तेव्हा तिनं त्यांच्या छातीवर एक पट्टी चिकटवून घेतली होती. पट्टीचं म्हणणं ऐकणारा एक छोटा पांढरा डबा पलंगाशी ठेवलेला असे, आणि तो डबा इंटरनेटवरून हृदयाची रेघ डॉक्टरला आणि अनिकाच्या फोनला पाठवी. अनिकाची अट साधी होती: बाबांची रेघ चोवीस तास दिसली पाहिजे, आणि रोज संध्याकाळी आईबाबा स्क्रीनवर दिसले पाहिजेत. मग राहा तिथं मक्यात. नाहीतर फ्रीमाँट. तिच्या घरापासून जवळच, निवृत्तांच्या वसाहतीत तळमजल्याची एक जागा तिनं धरून ठेवली होती. भिंतींना धरायला दांड्या, दर मंगळवारी खुर्चीतला योग.

आणि मग वादळ झालं. वीज कुठंतरी शेतात पडली आणि तारेवरून चालत निमकरांच्या मोडेममध्ये येऊन विझली. टेलिफोन कंपनीनं नवा मोडेम पाठवला. काळा, चकचकीत, शिष्टासारखा दिसणारा. तो जोडला आणि एक विचित्र गोष्ट सुरू झाली. एका वेळी एकाच वस्तूला इंटरनेट मिळे. पलंगाजवळचा डबा जोडला जाई तेव्हा त्यांच्या पत्नीचा, सुनेत्राबाईंचा, टॅब मुका होई. टॅब बोलू लागला की डबा गप्प.

"बाबा, धिस इज नॉट वर्किंग," अनिका टॅबवरून म्हणाली होती. "एकतर तुम्ही दिसता, नाहीतर तुमचं हार्ट दिसतं. आय नीड बोथ."

"माणसाचं दोन्ही एकदम कुणाला दिसलंय गं?"

"डोंट बी क्यूट, बाबा. त्या फ्रीमाँटच्या लोकांना थर्सडेपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय. थर्सडेला संध्याकाळी कॉल करते. दोन्ही दिसलं तर ओके. नाहीतर मी हो सांगतेय."

गुरुवारी दसरा होता.

दसऱ्याला गुरुदत्त निवांत उठले तोवर सुनेत्राबाईंची शस्त्रपूजा आटोपलीसुद्धा होती. गावच्या लायब्ररीत पंचवीस वर्षं काढल्यामुळे कुठली वस्तू कुठं असावी याबद्दल त्यांची मतं ठाम होती. देवघर कोट टांगायच्या कपाटात होतं. घर बांधणाऱ्यानं देवांचा विचार केलेला नव्हता, पण टेलिफोनची खोबण नेमकी त्याच कपाटात काढली होती, त्यामुळे मोडेम बारा महिने देवांच्याच संगतीत असे. तिथं आज चौरंगावर पिवळ्या कापडावर सगळी शस्त्रं मांडलेली होती. गुरुदत्तांचा स्टेथोस्कोप, शिवणयंत्राची सुई, पुरणयंत्र, पिझ्झा कापायची चकती, गाडीची किल्ली, गुरुदत्तांचा जुना लॅपटॉप. मधोमध नवा मोडेम, झेंडूची माळ घालून. बाजूला सोन्याची पानं. म्हणजे खरं तर मागच्या अंगणातल्या रेडबडची. हृदयाच्या आकाराची, ऑक्टोबरात पिवळी होणारी. हे झाड आपट्याचं लांबचं चुलत भावंड असतं असं सुनेत्राबाईंनी लायब्ररीतच कुठंतरी वाचलं होतं, आणि त्या दिवसापासून नेपरव्हिलची अर्धी मराठी वस्ती दसऱ्याला त्यांच्या अंगणात सोनं तोडायला येई.

"अगं, मोडेमची पूजा केलीस?"

"मग? या घरात सध्या सगळं त्याच्याच हातात आहे."

"आज मला कंपनीला फोन करून तो दुरुस्त करायचाय."

"करा की. फोनवरून करा. हलवायचा नाही. फुलं वाहिलीत, आता उद्या उत्तरपूजा होईपर्यंत जागचा हलणार नाही."

गुरुदत्तांनी वाद घातला नाही. पन्नास वर्षांच्या संसारात ते एवढं शिकले होते की सुनेत्राबाई ज्या वाक्यात 'की' घालतात ते वाक्य संपलेलं असतं. त्यांनी पाट घेतला, कपाटात चौरंगापुढं मांडी घालून बसले आणि कंपनीला फोन लावला.

कंपनीनं त्यांना संगीतावर ठेवलं. ते संगीत गुरुदत्तांनी व्यावसायिक कौतुकानं ऐकलं. चाळीस वर्षांत इतकं स्वच्छ, कुठलाही दुष्परिणाम नसलेलं औषध त्यांच्या हाती कधी लागलं नव्हतं. उदबत्तीचा धूर, टांगलेल्या कोटांचा ऊबदार लोकरी वास, दाराच्या फटीतून येणारा मक्याच्या रंगाचा उजेड. ते मनात दहापासून उलटे मोजू लागले आणि सातला पोचले.

स्वप्नात दाराशी रांग लागली होती. अंगणातून, रेडबडच्या खालून, पार शेताच्या टोकापर्यंत. प्रत्येकाच्या हातात झाकलेलं काहीतरी होतं. कुणाच्या वाटीत अनिकाचं हसू होतं, कुणाच्या डब्यात हृदयाची एक रेघ, कुणाकडे हवामानाचा अंदाज. सगळे अगदी अदबीनं विचारत होते, "हे कुणाला द्यायचं?" पण दारात कुणी नव्हतंच. पहिला आत जाई आणि दार लागे. बाकीचे बाहेर पानांत उभे. पानं त्यांच्या खांद्यावर पडत होती, आणि कुणी चिडत नव्हतं, हे फार वाईट वाटत होतं. मग पदर खोचून सुनेत्रा आली. तीस वर्षांपूर्वीची, गणपतीत घरी ऐंशी माणसं जेवायला असताना असे तशी. ती कुणालाही न थांबवता म्हणत होती, "बिनसाखरेचा चहा कुणी मागितला होता? वरच्या खोलीत. हे लाडू गॅरेजमध्ये. तुम्ही कुणाकडे? या. तुम्ही? या." कुणी काय मागितलं ते तिच्या बरोबर लक्षात, आणि रांग अशी सरकत होती जशी…

"सर? आर यू देअर, हनी?"

"आहे," गुरुदत्त मराठीतच म्हणाले आणि मग इंग्रजीत आले.

बाईचं नाव डोना. आवाज असा, की तिनं बालवाडीतलं शिकवणं सोडून इथं नोकरी धरली असावी. त्यांचं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली की तुमचा मोडेम ब्रिज म्हणून लावलेला आहे. म्हणजे तो फक्त वाट देतो. बाहेरून एकच पत्ता मिळतो आणि जो आधी मागेल तो घेऊन बसतो. त्याला राउटेड करायला हवा. मग पत्ता तो स्वतःकडे ठेवेल, घरात सगळ्यांना आपल्या पदरचे पत्ते देईल, आणि कुणी काय मागवलं ते लक्षात ठेवून ज्याचं त्याला पोचवेल.

"म्हणजे दारात सुनेत्रा उभी करायची," गुरुदत्त म्हणाले.

"सॉरी?"

"माय वाइफ."

"इज शी टेक्निकल?"

"व्हेरी."

डोनाला इथून ते करता येत नव्हतं. मोडेमच्या आत लॅपटॉपवरूनच जावं लागणार होतं. तिनं लाईनसाठी लागणारं नाव आणि गुप्त शब्द सांगितला, मोडेममध्ये भरायचे दोन आकडे सांगितले, शून्य आणि पस्तीस, आणि म्हणाली, "आता मोडेमवरच्या पांढऱ्या स्टिकरवर पासवर्ड आहे, तो टाका."

गुरुदत्तांनी मोडेमकडे पाहिलं. मोडेम त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. म्हणजे त्याच्या दिव्यांचं तोंड गणपतीकडे होतं आणि पाठ यजमानांकडे. पाठीवर पांढरा स्टिकर होता. आणि स्टिकरच्या बरोबर मधोमध, भिजवलेल्या कुंकवाचं एक ठसठशीत बोट.

"सुनेत्रा! अगं, कुंकू कुठं लावलंस?"

"काळ्यावर दिसतच नव्हतं," सुनेत्राबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तेवढीच जागा पांढरी होती. म्हणून तोंड इकडे करून ठेवला."

"ते तोंड नाही, पाठ आहे. आणि कुंकवाखाली पासवर्ड आहे."

सुनेत्राबाई हात पुसत आल्या. वाकून पाहिलं. शब्दाची सुरुवात दिसत होती, शेवट दिसत होता, मधली चार अक्षरं लालाखाली गडप झालेली.

"ओला बोळा फिरवतो जरा," गुरुदत्त म्हणाले.

"हात लावाल तर बघा."

"अगं…"

"आज दसरा. तुमच्या हृदयाची ती रेघ याच्यातून जाते. आणि मी स्वतःच्या हातानं लावलेलं कुंकू तुम्ही पुसणार?"

हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं नाही. गुरुदत्त अशा गोष्टी मानत नसत. हे ते गेली पन्नास वर्षं चारचौघांत सांगत आले होते. पण बोळा घ्यायला ते उठले नाहीत, हेही खरं.

"डोना, आम्ही तुम्हाला पुन्हा फोन करतो," ते म्हणाले. "आमच्या पासवर्डवर एक धार्मिक अडचण आली आहे."

"टेक युअर टाइम, हनी," डोना म्हणाली. तिला अशा अडचणी रोजच येत असाव्यात.

दोघं चौरंगापुढं बसून राहिली. बाहेर रेडबड एकेक पान सोडत होतं. फ्रीमाँटच्या तळमजल्यावर अंगण नव्हतं. एक कुंडी चालेल, असं तिथल्या नियमांत होतं.

"त्या जागेत देवघराला कपाट आहे का हो?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"कपाटं भरपूर आहेत."

"हं."

गुरुदत्तांनी सवयीनं स्वेटरच्या खिशात हात घातला. खिशात बोटाला लावायचा चिमटा होता. रक्तातला प्राणवायू मोजणारा. दिवसातून दोनतीनदा ते तो बोटाला लावत. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटांना लावला, आता हात मोकळा राहिला की चैन पडत नसे. त्यांनी तो उघडून बटण दाबलं आणि त्याच्या जबड्यात लाल दिवा लागला. अंधाऱ्या ऑपरेशन थिएटरात हाच लाल ठिपका कितीदा पाहिला होता. एकदा एका नर्सनं लाल शाईनं चार्टवर काहीतरी खरडलं होतं, आणि या दिव्याखाली धरल्यावर ते गायब झालं होतं. दोघंही तेव्हा खूप हसले होते.

गुरुदत्तांची झोप उडाली.

"सुनेत्रा, निरांजनावर हात धर. विझवू नकोस. नुसता आडोसा कर."

"काय करताय?"

"कुंकू न पुसता पुसतोय."

त्यांनी बाईंच्या हाताकडे पाहिलं. ज्योतीच्या उजेडात तळवा आरपार गुलाबी दिसत होता. मग दार ओढून घेतलं. कपाटात काळोख झाला. कोट नाहीसे झाले, देव नाहीसे झाले. गुरुदत्तांनी चिमट्याचा लाल दिवा स्टिकरवर नेला. लाल उजेडात लाल कुंकू कागदासारखं फिकट पडलं, आणि त्याखालून काळी अक्षरं हळूहळू वर आली, तळ्याच्या तळाशी मासे दिसावेत तशी.

"लिही. एच. आठ. स्मॉल एन. क्यू."

"कशावर लिहू? हात निरांजनावर आहे."

"मग लक्षात ठेव. तुझ्या लक्षात राहतं."

राहिलं. त्यांनी दार उघडलं. कुंकू जिथल्या तिथं होतं, लालभडक. सुनेत्राबाईंनी त्याला एकदा नमस्कार केला, आणि मग, जरासं थांबून, चिमट्यालाही.

पुढचं सोपं होतं. सुनेत्राबाई अक्षरं सांगत होत्या, गुरुदत्त एका बोटानं पूजेतल्या लॅपटॉपवर ती मारत होते. पान उघडलं. ब्रिजच्या जागी राउटेड केलं. शून्य घातलं, पस्तीस घातलं, नाव आणि गुप्त शब्द घातला. घरातल्यांना पत्ते वाटायचे का, असं विचारलं होतं. गुरुदत्तांनी हो म्हटलं. शेवटी पानानं सांगितलं की आता मी बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

"बंद?" सुनेत्राबाई म्हणाल्या. "पूजेत मांडलेला?"

"बंद नाही गं. झोपवायचा. मी काय करत होतो चाळीस वर्षं?"

"देवाला झोपवतात का मधेच?"

"देव झोपलेलेच आहेत. चातुर्मास चालू आहे. विष्णू आषाढात झोपलाय तो कार्तिकात उठेल. चार महिने. आणि एवढ्या काळात जगाचं काही अडलंय का? याला चार मिनिटं दे."

सुनेत्राबाईंनी विचार केला. युक्तिवादात खोट होती, पण ती कुठं होती ते सापडेना. "बरं. पण परत उठला पाहिजे."

"माझा एकही पेशंट उठल्याशिवाय राहिला नाही."

त्यांनी बटण दाबलं आणि सवयीनं मोडेमच्या अंगावर हात ठेवला. दिवे गणपतीच्या बाजूला होते, त्यामुळे ते सरळ दिसत नव्हते. पण गणपतीमागे तांब्याचा कलश होता, आणि त्याच्या पोटावर हिरवे ठिपके दिसत होते. ते एकेक करून मालवले. कलश नुसता तांब्याचा राहिला.

ही वेळ गुरुदत्तांना ओळखीची होती. माणूस इथं असतो आणि नसतो. त्या वेळी त्यांनी कधी घाई केली नाही, कुणाला करू दिली नाही. मोडेम हाताखाली कोमट होता. त्यांना वाटलं, मक्याच्या शेतात आता ती सगळी माणसं वाटी झाकून थांबली असतील. थांबा. येतेच आहे ती. पदर खोचते आहे.

कलशावर एक ठिपका उमटला. लाल. मग पिवळा. पिवळा लुकलुकू लागला, तार चाचपत असल्यासारखा. बराच वेळ लुकलुकला. एवढ्या वेळात सुनेत्राबाईंनी मनातल्या मनात काय काय कबूल केलं ते त्यांनाच ठाऊक. आणि मग तो हिरवा झाला आणि हिरवा राहिला.

"उठला," गुरुदत्त म्हणाले.

पलंगाजवळच्या डब्यावर दिवा लागला. टॅबही बोलू लागला. सुनेत्राबाई या खोलीतून त्या खोलीत आणि त्या खोलीतून या खोलीत दोनदा जाऊन आल्या. दोन्ही चालू.

संध्याकाळी अनिकाचा फोन आला तेव्हा दोघं नवे कपडे घालून सोफ्यावर फोटोला बसल्यासारखी बसली होती. तिच्यामागे फ्रीमाँटचं लख्ख ऊन.

"हॅपी दसरा! वेट. बाबा, मला तुम्ही दिसताय." तिनं दुसऱ्या हातातला फोन वर केला. "अँड… ओह माय गॉड. हार्टपण दिसतंय. सेव्हंटी. कुणी फिक्स केलं?"

"आईच्या कुंकवानं," गुरुदत्त म्हणाले.

"ओके, आय डोंट वाँट टू नो." ती थोडा वेळ फोनकडे बघत राहिली. मग तिचा आवाज बदलला. कोर्टात असाच होत असावा. "बाबा, एक विचारू? ऑनेस्टली. तुम्हाला इकडे यायचंय का? डोंट बी पोलाइट."

गुरुदत्त प्रसन्न हसले. "अगं, मला कुठंही चालतं. फ्रीमाँट काय वाईट आहे? हवा छान आहे."

"एटी एट."

"काय?"

"तुम्ही फ्रीमाँट म्हणालात आणि सेव्हंटीवरून एटी एट झालं. लेट मी ट्राय अगेन. खुर्चीतला योग."

"योग चांगलाच असतो."

"नाइंटी फोर! आई, हे बघ! बाबा, यू आर अंडर ओथ. मागच्या अंगणातलं रेडबड."

गुरुदत्तांनी मान वळवली. खिडकीतून झाड दिसत होतं. उरलेल्या उजेडात सगळं पिवळं.

"सेव्हंटी टू," अनिका हळूच म्हणाली. "सिक्स्टी नाइन."

तांब्याच्या तारेवरून एक रेघ तेवढी संथपणे चालत होती.

"ओके," अनिका म्हणाली. "मी त्यांना नाही म्हणून सांगते. फॉर नाऊ, हं बाबा. आणि तो मोडेम कुणी हलवायचा नाही."

"उत्तरपूजा झाली तरी नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या. त्यांनी सोन्याचं एक पान स्क्रीनवर तिच्या कपाळापाशी टेकवलं. अनिकानं डोळे मिटून ते घेतलं.

फोन बंद झाल्यावर सुनेत्राबाई वळल्या. भूलतज्ज्ञाच्या बायकोला पन्नास वर्षांत काही गोष्टी आपोआप कळतात. उदाहरणार्थ, पोट आवळून श्वास जरा रोखला की नाडी कशी धावू लागते.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही मघाशी श्वास धरून ठेवला होतात?"

गुरुदत्तांचे डोळे मिटलेले होते. ओठांच्या कडेला काहीतरी होतं. हसू म्हणावं इतकं नव्हतं.

"दहा," ते म्हणाले. "नऊ. आठ…"

सुनेत्राबाईंनी त्यांच्या अंगावर शाल टाकली आणि देवघरात गेल्या. कलशाच्या पोटावर हिरवे ठिपके होते, न हलणारे. त्यांनी निरांजनात तूप घातलं, आणि मोडेमला म्हणाल्या, "कुणाचं काय आलं, बघत जा हो. आता दारात तू."